मायकेल फॅरडे : पुस्तकबांधणीच्या दुकानातून प्रयोगशाळेपर्यंत



पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंच्या संयोगाने बनलेले आहे, हे आज माध्यमिक शाळेतला कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की हे दोन्ही वायू पुन्हा सुटे होतात, हेही त्याने वाचलेले असते. पाठ्यपुस्तकात दोन उलट्या परीक्षानळ्यांची आकृती असते. एका नळीत वायू दुप्पट, दुसरीत निम्मा. आपण ती आकृती काढतो, भागांना नावे देतो, दोन-तीन गुण मिळवतो आणि पान उलटतो. परंतु धनाग्र, ऋणाग्र, आयन ही जी नावे आपण त्या आकृतीत लिहितो, त्यांचे मूळ इंग्रजी शब्द ज्याने शास्त्रात रूढ केले, तो माणूस कधी कॉलेजात गेला नव्हता. तेराव्या वर्षी तो एका दुकानात पोऱ्या म्हणून लागला आणि चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीची उमेदवारी करू लागला. विजेने पाण्याचे किती विघटन होते याचा नेमका हिशेब जगाला त्यानेच घालून दिला. त्या मायकेल फॅरडेचे चरित्र आपणापुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लोहाराचे घर

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील जेम्स हे लोहार. पोटासाठी उत्तर इंग्लंडमधील आपला मुलूख सोडून ते मायकेलच्या जन्माच्या थोडेच आधी लंडनला आले होते. त्यांची प्रकृती वरचेवर बिघडत असे, आणि लोहाराने घण उचलला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडालीच. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली इंग्लंडमध्ये धान्य अतोनात महागले. त्या दिवसांत या नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला सात दिवस पुरवून खावा लागे.

हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. देशाच्या अधिकृत चर्चबाहेरील अशा पंथांच्या मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रवेशच नव्हता आणि केंब्रिजमध्ये शिकले तरी पदवी मिळत नसे. अर्थात विद्यापीठाचा विचार करावा एवढी या घराची ऐपतही नव्हती. वाचणे, लिहिणे आणि थोडीफार आकडेमोड, एवढ्यावर मायकेलची शाळा संपली.

१८०४ साली तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. त्या काळी वर्तमानपत्रे महाग असत. रीबो ती गिऱ्हाइकांना भाड्याने वाचायला देत. घरोघर पत्रे पोचवायची आणि ठरल्या वेळी परत आणायची, हे मायकेलचे काम. वर्षभरात मालकाने त्याची चिकाटी ओळखली. ऑक्टोबर १८०५ मध्ये सात वर्षांच्या उमेदवारीचा करार झाला. अशा करारासाठी आईबापांनी मालकाला रक्कम मोजण्याची पद्धत होती. मुलाचा प्रामाणिकपणा पाहून रीबो यांनी ती घेतली नाही.

बांधायला आलेली पुस्तके

पालकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. पुस्तके शिवायला, खळ लावायला आणि चामड्याचे पुठ्ठे चढवायला शिकणारे उमेदवार लंडनमध्ये पुष्कळ होते. बांधायला आलेले पुस्तक उघडून वाचणाऱ्या उमेदवाराला कानपिचक्या देणारे मालकही कमी नसतील. रीबो यांनी त्या मुलाला वाचू दिले. काम संपल्यावर दुकानाच्या मागच्या बाजूस प्रयोग करण्याचीही मोकळीक दिली. दुकानात बांधायला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या खंडात वीज या विषयावरील लेख फॅरडेच्या हाती लागला. तो वाचून त्याने जुन्या बाजारातील बाटलीपासून विजेचे एक साधे यंत्र तयार केले. खाऊच्या पैशांत बसतील तेवढेच प्रयोग करायचे, असा त्याचा शिरस्ता होता.

दुसरे पुस्तक होते कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील संवादाच्या रूपाने त्यात रसायनशास्त्र समजावले आहे. ते लिहिले होते जेन मार्सेट या बाईंनी, तेही मुख्यतः स्त्रियांसाठी. आरंभीच्या आवृत्त्यांवर त्यांचे नावसुद्धा नव्हते. वाचलेली प्रत्येक गोष्ट शक्य तेवढी स्वतः करून पाहायची ही सवय फॅरडेला होती. या पुस्तकातील विधाने त्याने आपल्या तुटपुंज्या साधनांनी पडताळली आणि ती खरी निघाली, तेव्हा त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर आपले शोधनिबंध तो या बाईंना आदराने पाठवीत असे. एका शिकलेल्या स्त्रीने मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकाने एका लोहाराच्या मुलाला शास्त्रज्ञ केले. मुलीच्या शिक्षणाचा फायदा कोणाला, असा प्रश्न ज्यांच्या मनात अजून येतो, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

१८१० साली वडील वारले. आईने घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहारकाम करी. लंडनमध्ये टेटम नावाचे गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. फी होती प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग. ती रॉबर्ट भरत असे. फॅरडे ही व्याख्याने ऐकून घरी सविस्तर लिहून काढी. उपकरणांची चित्रे चांगली यावीत म्हणून रीबो यांच्याकडे राहणाऱ्या मास्केरिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडून तो चित्रकला शिकला आणि त्या मोबदल्यात त्याने त्याची खोली झाडली, बूट पुसले. मग या वह्यांचे चार खंड त्याने स्वतःच्या हाताने बांधले आणि ते आपल्या मालकाला अर्पण केले.

ती चार व्याख्याने

रीबो यांना आपल्या उमेदवाराचे कौतुक होते. ते या वह्या गिऱ्हाइकांना दाखवीत. त्यातून विल्यम डान्स नावाच्या गृहस्थांनी १८१२ च्या वसंतात फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळचे इंग्लंडमधील सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. १८०७ साली त्यांनी वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून पोटॅशियम आणि सोडियम या दोन नव्या धातूंचा शोध लावला होता. ज्या विजेने पाणी फुटते तीच वीज इतर पदार्थही फोडते, हे त्यांनी सिद्ध केले होते.

फॅरडे ही व्याख्याने ऐकून स्वस्थ बसला नाही. जुलै १८१२ मध्ये त्याने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीच्या आकाराच्या सात चकत्या कापल्या, त्यांवर तांब्याची अर्ध्या पेनीची सात नाणी ठेवली आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. अशी ती त्याची घरगुती घटमाला तयार झाली. तिच्या दोन तारा त्याने एप्सम सॉल्टच्या, म्हणजे आपण ज्याला जुलाबाचे मीठ म्हणतो त्याच्या, द्रावणात बुडवल्या, आणि त्याचे विघटन होताना पाहिले. मित्र बेंजामिन अॅबट यास लिहिलेल्या पत्रात या यशाचा त्याचा आनंद नुसता ओसंडून वाहतो आहे. पुढे वीस वर्षांनी ज्या विषयात त्याने जगाला नियम दिले, त्याची सुरुवात ही अशी सात नाण्यांवर झाली.

उमेदवारी ऑक्टोबर १८१२ मध्ये संपली आणि तो दुसऱ्या एका बाइंडरकडे पगारी कारागीर झाला. पण त्याचे मन त्या धंद्यात उरले नव्हते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्याने काम मागणारे पत्र लिहिले होते. त्याचे उत्तर आले नाही. डिसेंबरमध्ये त्याने डेव्हींना पत्र लिहिले आणि सोबत त्यांच्याच व्याख्यानांची स्वतः बांधलेली वही पाठवली. ही वही आजही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेली आहे. डेव्हींनी त्याला बोलावले, प्रेमाने वागवले, पण जागा रिकामी नाही, पुस्तकबांधणी सोडू नये, असाच सल्ला दिला. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले, तेव्हा डेव्हींना त्या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या, वर कोळसा आणि मेणबत्त्या.

सात महिन्यांनी डेव्ही पतिपत्नींबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला. हा प्रवास एप्रिल १८१५ पर्यंत चालला. डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी यायला तयार झाला नाही, म्हणून त्याची कामेही फॅरडेच्या गळ्यात पडली. लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवीत. तो अपमान त्याला फार लागे. एकदा सर्व सोडून परत जावे असेही मनात आले. पण पॅरिसमध्ये अँपियर आणि मिलानमध्ये खुद्द व्होल्टा यांना भेटण्याची संधी या प्रवासातच मिळाली. अपमान गिळून तो शिकत राहिला.

शिकणे त्याने पुढेही सोडले नाही. त्याचे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे कच्ची होती. ती सुधारण्यासाठी तो एका मित्राकडे नेमाने बसे. आपल्यासारख्याच कामकरी तरुणांचा गट जमवून ते एकमेकांच्या भाषेतील चुका काढीत. व्याख्यान कसे द्यावे याचेही त्याने धडे घेतले. इंग्लंडमधील सर्वांत लोकप्रिय विज्ञान-व्याख्याता म्हणून पुढे तो नावाजला गेला, तो असा.

पाण्याची जुनी कोडी

आता आपण पाण्याकडे वळू. फॅरडे आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. इटलीतील व्होल्टा यांनी मार्च १८०० मध्ये आपल्या घटमालेची माहिती लंडनला पत्राने कळवली. ती हाती पडताच शल्यवैद्य अँथनी कार्लाइल आणि त्यांचे मित्र विल्यम निकल्सन यांनी चांदीची १७ नाणी, जस्ताचे तितकेच तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची घटमाला रचली. तारेचा स्पर्श नीट व्हावा म्हणून वरच्या चकतीवर पाण्याचा थेंब टाकला, तर त्यात बारीक बुडबुडे दिसले. २ मे १८०० रोजी त्यांनी पाण्याने भरलेल्या नळीत दोन्ही बाजूंनी तारा सोडल्या. एका तारेपाशी हायड्रोजन निघाला. दुसरी तार पितळेची होती, ती काळवंडून गंजली. मग प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर दुसऱ्या टोकाशी ऑक्सिजनही मिळाला. हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या जवळजवळ दुप्पट भरले.

प्रयोग सोपा होता, पण त्याने विद्वानांना पेचात टाकले. पाणी एकच, मग त्याचे दोन घटक इतक्या अंतरावर वेगवेगळ्या टोकांशी कसे निघतात? अधल्यामधल्या पाण्यात तर काहीच हालचाल दिसत नाही. तारेची टोके चुंबकाच्या ध्रुवांप्रमाणे घटकांना ओढून घेतात, असे बहुतेकांनी मानले. किती विजेने किती पाणी फुटते, हे मात्र कोणी नेमके सांगू शकत नव्हते. तीस वर्षे हा प्रश्न असाच लोंबकळत राहिला.

मधल्या काळात फॅरडे मदतनिसाचा शास्त्रज्ञ झाला होता. १८२१ साली त्याचा सारा बर्नार्डशी विवाह झाला. त्याच वर्षी चुंबकाभोवती विजेची तार फिरवून त्याने विद्युत मोटारीचे मूलतत्त्व दाखवले. १८२४ साली तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. दुःखाची गोष्ट ही की त्या निवडीला खुद्द डेव्हींनी विरोध केला. फॅरडेने मात्र आयुष्यभर आपल्या गुरूविषयी आदरच बाळगला. १८३१ साली फिरत्या चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे तत्त्व त्याने शोधले. आपल्या घरी येणारी बहुतेक वीज आजही त्याच तत्त्वावर चालणाऱ्या जनित्रांतून येते. सल्लागार म्हणून त्याला भरपूर पैसा मिळू शकला असता. परंतु या सुमारास त्याने ती कामे कमी केली आणि संशोधनालाच वाहून घेतले.

विजेचे माप पाण्याने

१८३३ च्या आरंभी त्याला एक गोष्ट दिसली. पाण्यातून वीज जाते, पण त्याचा बर्फ झाला की जात नाही; बर्फाचा पातळसा पापुद्राही प्रवाह अडवतो. त्याने इतर क्षार तपासले. घन असताना ते वीज अडवत, वितळले की वाहू देत आणि त्याच वेळी त्यांचे विघटनही होई. म्हणजे द्रवात वीज वाहणे आणि कण जागचे हलणे या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, असे त्याच्या ध्यानात आले.

मग त्याने किती हा प्रश्न हाती घेतला. आम्ल मिसळलेल्या पाण्याची अनेक भांडी त्याने एकापुढे एक जोडली, म्हणजे सर्वांतून तीच वीज जाईल. एका भांड्यात मोठ्या पट्ट्या, दुसऱ्यात बारीक तारा. एकात आम्ल जास्त, दुसऱ्यात कमी. प्रत्येक भांड्यातील वायू मोजला. तो सगळीकडे सारखाच भरला! पट्टी लहान की मोठी, आम्ल कमी की जास्त, याला महत्त्व नव्हते. महत्त्व होते फक्त किती वीज गेली याला. निघालेल्या पदार्थाचे वजन हे गेलेल्या विजेच्या प्रमाणात असते, हा त्याचा पहिला नियम. यावरून त्याने एक साधन तयार केले. नळीत जमलेला वायू मोजायचा आणि त्यावरून किती वीज गेली हे सांगायचे. आपल्या घरच्या मीटरचा हा पूर्वजच समजा. १८८० च्या दशकात एडिसनने न्यूयॉर्कच्या ग्राहकांकडे बसवलेले मीटर याच नियमावर चालत. त्यातील जस्ताच्या पट्ट्यांचे वजन करून बिल काढीत.

या कामात एक अडचणही आली. जमा झालेला वायू नळीत ठेवला असता आपोआप कमी होऊ लागला. दुसरा एखादा उपकरणाला दोष देऊन मोकळा झाला असता. फॅरडेने कारण शोधले. स्वच्छ प्लॅटिनमच्या पट्टीच्या सान्निध्यात दोन्ही वायू हळूहळू एकत्र येऊन पुन्हा पाणी होत होते. या एका गोष्टीवर त्याने स्वतंत्र निबंध लिहिला. चूक जिथे सापडते तिथेच नवे ज्ञान दडलेले असते, हे विद्यार्थ्यांनी यावरून शिकावे.

पुढची पायरी अशी की पाण्याच्या भांड्याला त्याने वितळलेल्या कथिलाच्या क्षाराचे भांडे जोडले. जितक्या विजेने एका भांड्यात १ भाग हायड्रोजन सुटला, तितक्याच विजेने दुसऱ्यात सुमारे ५८ भाग कथिल साठले. कथिल आणि हायड्रोजन यांचे रासायनिक संयोगातील प्रमाणही रसायनशास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे तेच होते. हा झाला दुसरा नियम. एका ठरावीक विजेने प्रत्येक पदार्थ आपापल्या रासायनिक तुल्यभाराइतकाच सुटतो. आजच्या मापाने सांगायचे तर १ अँपियर प्रवाह सुमारे पावणेसत्तावीस तास चालू ठेवला, म्हणजे ९६,४८५ कूलोम वीज सोडली, की पाण्यातून १ ग्रॅम हायड्रोजन आणि ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. तीच वीज चांदीच्या क्षारातून १०८ ग्रॅम चांदी देते. दागिन्यांना आणि भांड्यांना विजेने मुलामा देणारा कारागीर आजही या नियमाबाहेर जाऊ शकत नाही.

नव्या विचाराला नवे शब्द हवे होते. तारेची टोके घटकांना ओढत नाहीत, ती वीज आत-बाहेर जाण्याची केवळ दारे आहेत, असे फॅरडेचे मत झाले होते. म्हणून त्याला ध्रुव हा शब्द नको होता. त्याला ग्रीक येत नव्हते. त्याने ते लपवले नाही. आपले डॉक्टर मित्र निकल यांना आणि १८३४ साली केंब्रिजचे पंडित व्ह्यूएल यांना विचारले. त्यातून इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन, इलेक्ट्रोलाइट हे शब्द रूढ झाले. आयन या ग्रीक शब्दाचा अर्थ जाणारा, म्हणजे एक प्रकारचा वाटसरूच. शाळा न शिकलेल्या माणसाने जाणत्याला विचारण्यात कमीपणा मानला नाही, म्हणून सगळे जग आज त्याचे शब्द वापरते.

या हिशेबातून पुढे फार मोठी गोष्ट निघाली. प्रत्येक अणूबरोबर ठरावीकच वीज जाते, तर विजेचेही कण असले पाहिजेत, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८८१ साली फॅरडेच्या नियमांवरूनच दाखवून दिले. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी तो कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, शोधून काढला. पाण्यातील बुडबुडे मोजता मोजता विज्ञान अणूच्या आत पोचले.

माणूस म्हणून

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. त्याचे निबंध समीकरणांशिवाय लिहिलेले आहेत. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले. पण प्रयोगाची नोंद कशी ठेवावी हे त्याच्याकडूनच शिकावे. १८३२ पासून त्याने रोजनिशीतील परिच्छेदांना सलग क्रमांक घातले. अखेरचा क्रमांक १६ हजारांच्या पुढे गेला. फसलेले प्रयोगही त्याने तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले.

मुलांवर त्याचा फार जीव होता. १८२६ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातील व्याख्याने सुरू झाली, ती आजही चालतात. मेणबत्ती या एका विषयावर त्याने सहा व्याख्याने दिली. जळत्या मेणबत्तीतून पाणी कसे निघते हे दाखवून, मग पाण्यातून वीज सोडून त्याचे दोन वायू त्याने मुलांपुढे सुटे केले. ही व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली आणि अनेक भाषांत गेली.

स्वतःचे मूलबाळ नसलेला हा माणूस साधेपणाने राहिला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद १८५७ साली चालून आले, ते त्याने नाकारले. आपल्या छोट्या पंथाच्या प्रार्थनेला मात्र तो नेमाने जाई. चाळिशीच्या अखेरीपासून स्मरणशक्ती दगा देऊ लागली. आपण काय केले हे विसरून तोच प्रयोग पुन्हा करण्याची पाळी येई. तरीही तो काम करीत राहिला. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे दफन साधेपणाने हायगेटच्या दफनभूमीत झाले. बँक ऑफ इंग्लंडने १९९१ साली काढलेल्या २० पौंडांच्या नोटेवर या लोहाराच्या मुलाचे चित्र होते.

आपल्यासाठी

आज पाण्याच्या विघटनाला पुन्हा महत्त्व आले आहे. सूर्य आणि वारा यांच्या विजेने पाणी फोडून मिळालेल्या हायड्रोजनला हरित हायड्रोजन म्हणतात. त्यासाठी भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहिमेस मंजुरी दिली. १ किलो हायड्रोजनला किमान ९ किलो पाणी लागते आणि प्रत्यक्ष यंत्रात सुमारे ५० युनिट वीज खर्च होते. हा हायड्रोजन जाळून त्याहून जास्त ऊर्जा कधीही परत मिळत नाही. म्हणून नुसत्या पाण्यावर गाडी चालवून दाखवतो असे कोणी म्हणाले, तर त्याला पैसे देण्यापूर्वी फॅरडेचा हिशेब आठवा.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रयोग तुम्ही शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य करा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली पुठ्ठ्यातून पाण्यात सोडा आणि वरची शिसे ९ व्होल्टच्या लहान बॅटरीला तारांनी जोडा. ऋण टोकाशी अधिक बुडबुडे दिसतील, तो हायड्रोजन. साधे मीठ घालू नका, त्याने विषारी क्लोरिन वायू निघतो. घरातील विजेच्या प्लगला तर हात लावूच नका, आणि बुडबुड्यांजवळ काडी पेटवू नका.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले शाळा सोडून गॅरेजवर, यंत्रमागावर, शिवणकामाच्या दुकानात बसतात. परिस्थिती कोणाला चुकली आहे? फॅरडेलाही ती चुकली नव्हती. पण त्याच्या आसपास अशी चार माणसे होती, ज्यांनी त्याची वाट अडवली नाही. मालकाने वाचू दिले, भावाने शिलिंग दिला, गिऱ्हाइकाने तिकिटे दिली, आईने भाडेकरू ठेवले पण मुलाच्या व्याख्यानांना नको म्हटले नाही. यातील एकही गोष्ट श्रीमंताच्याच आवाक्यातली नव्हती. ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे, त्यांनी आपल्याकडील पोऱ्याला संध्याकाळी दोन तास रात्रशाळेसाठी सोडावे. थोरल्या भावाने धाकट्याची, आणि धाकट्या बहिणीचीही, फी भरावी. घरातील मुलगी वाचत बसली तर तिच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नये. आणि विद्यार्थ्यांनो, एवढी मोकळीक मिळाली, तर मग वाचलेले पडताळून पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हे काम तुमचे. ते फॅरडेसाठीही दुसऱ्या कोणी केले नव्हते.